धसकटांच्या रंगाचा कोट

मार्लिस कुचेराचा बूट प्रेतावर पडता पडता राहिला.

"तिथे, बाई, तिथेच," असं रुबेन ओसोरियो बांधावरून ओरडत होता, दोन्ही हात वर करून. पण तिथे मार्लिसला काहीच दिसत नव्हतं. मका कापून नेलेलं उघडं रान, घोट्याला लागणारी धसकटं आणि त्यांच्यावर गोठलेलं पांढरं दहिवर. मग त्या धसकटांमध्येच तिला माणसाचा पंजा दिसला, आणि ती जागच्या जागी थांबली.

व्हर्लिन साडलेक उताणा पडला होता. अंगात फिक्या पिवळट कापडाचा कोट, त्यावर वाळल्या पात्यांची आणि धसकटांची नक्षी. विजार तसलीच. शेजारी बंदूक, एकही बार न उडालेली. छातीवर मधोमध भोक.

नारिंगी मात्र अंगावर काहीच नव्हतं.

बंदुकीच्या हंगामात बिनबाह्यांचं नारिंगी जाकीट आणि नारिंगी टोपी घातल्याशिवाय हरणामागे जायचं नाही, हा नेब्रास्का राज्याचा कायदा. तो मोडणाऱ्यांना दंड करायचं काम मार्लिसचं, कारण ती या काउंटीची शिकारीवरची वॉर्डन. त्या कामात तिने अर्ध्या काउंटीचं वैर घेतलं होतं. उरलेल्या अर्ध्या काउंटीचं व्हर्लिनने. तिरसट, भांडकुदळ, शेजाऱ्याच्या गायीलाही शिव्या देणारा माणूस. पण नारिंगीच्या बाबतीत तो मार्लिसच्याही वरचढ होता. हरणाला नारिंगी रंग कळत नाही, त्याला तो मातकट दिसतो, मग घालायला मरण येतं का, असं तो चारचौघांत सुनवायचा. तरुणपणी त्याच्या चुलत भावाला कुणीतरी हरीण समजून मारलं होतं. तेव्हापासून व्हर्लिन हंगामात टपालपेटीपर्यंत जायचा तोही नारिंगी टोपी घालून.

मार्लिस गुडघ्यांवर बसली. सूर्य नुकताच टेकाडावर येत होता, तिला घाई होती.

व्हर्लिनच्या बाह्यांवर दहिवर होतं, मांड्यांवर होतं. दाढीतही होतं. छातीवर आणि पोटावर नव्हतं. नुसतं नव्हतं असं नाही, खांद्यापासून कमरेपर्यंत दोन्ही बाजूंनी सरळ रेघ मारल्यासारखं ते थांबलं होतं. कपाळावर टोपीच्या काठाचा वळ होता आणि वरचे केस कोरडे होते.

तिने कॉलर उलटी केली. आत लालसर भुशाची बारीक टरफलं चिकटलेली. कोटाच्या खिशाच्या शिवणीतही तीच. तिने चिमूटभर उचलून पाहिली, मग आजूबाजूला पाहिलं. सगळीकडे मका होता, आणि मक्याचा भुसा लाल नसतो. तिने चिमूट रुमालात बांधली.

"किती गोळ्या झाडल्यास?" तिने न वळता विचारलं.

"एकच." रुबेन म्हणाला. "हरीण होतं, बाई. देवाशपथ हरीण होतं. या अंगाला पळत होतं."

"लागली?"

"म्हणून तर बघायला आलो, रक्त सांडलंय का. तर याच्यावर पाय पडला माझा."

"त्याआधी दुसरे कुठले बार ऐकू आले होते?"

"सगळीकडून येत होते. पहिला दिवस हंगामाचा." त्याने हात खाली घेतले आणि तोंडावर धरले. "मीच मारलं. दिसलाच नाही मला. मीच मारलं."

रुबेन गावाबाहेरच्या मांसाच्या कारखान्यात कामाला होता. दोन वर्षांपूर्वी आला, बांधापलीकडच्या जमिनीत चाकांवरचं घर भाड्याने घेऊन बायकोसह राहत होता. गावाने त्याला अजून नावाने हाक मारलेली नव्हती. त्याच्या अंगात नारिंगी जाकीट होतं, टोपी होती, सगळं कायद्यात. पण खाली जुन्या बाजारातला काळपट कोट, झाडाच्या सालीची नक्षी असलेला. दाट झाडीत ठीक. उघड्या रानात तो ढेकळासारखा दिसत होता. या माणसाला शिकार कुणीच शिकवलेली नाही, हे मार्लिसला लांबूनच कळलं होतं.

तिने त्याची बंदूक काढून घेतली आणि बेड्या घातल्या. नियम तसा होता.

शेरीफ रॉय ड्रेगर आला तेव्हा ऊन रानभर पसरलं होतं. व्हर्लिनच्या बाह्या नुसत्या ओल्या झाल्या होत्या.

"झालं," रॉय म्हणाला. "याला काही दिवस लागणार नाहीत. नारिंगी न घालणारा एक शहाणा आणि न बघता बार काढणारा एक अडाणी. दोघांची गाठ पडली."

"त्याच्या अंगावर जाकीट होतं, रॉय. कुणीतरी काढून नेलंय."

"कशावरून?"

"दहिवर छातीवर पडलं नव्हतं. सरळ रेघेत."

रॉयने वाकून पाहिलं. मग तिच्याकडे पाहिलं. "कुठाय तुझी रेघ?"

"वितळली."

"वा! कोर्टात सांगतो, वॉर्डनबाईंचा पुरावा उन्हाने खाल्ला." त्याच्या हाताखालचे दोघे हसले. "तुझं काम हरणांचं. मेलेली माणसं माझ्याकडे. शाळेपासून तुला सवय आहे दुसऱ्याच्या ताटात चमचा घालायची."

"आणि तुला शाळेपासून सवय आहे पहिलं उत्तर लिहून पेपर देऊन टाकायची."

"पासही होत होतो, मार्लिस."

"माझ्या पेपरात बघून."

आता कुणी हसलं नाही. रॉयने रुबेनला गाडीत कोंबलं आणि दार जरा जास्तच जोरात लावलं.

व्हर्लिनची बायको डोरीन वृद्धाश्रमात रात्रपाळीला होती. मार्लिस तिच्या घरी गेली तेव्हा ती कामावरचेच कपडे घालून स्वयंपाकघरात बसली होती. शेजारणींनी आणून ठेवलेल्या कोलाचींचं, मुरंबा भरलेल्या गोड पावांचं, ताट तसंच झाकलेलं होतं.

"तू कशाला आलीस?" डोरीन म्हणाली. "मागल्या हंगामात भर बाजारात त्याला म्हातारा खवीस म्हणालीस. विसरले नाही मी."

"म्हणाले खरी. होताच तो."

"होता." डोरीनने नाक पुसलं. "पण तो म्हणायचा हक्क माझा."

"मान्य. डोरीन, काल तो किती वाजता आला?"

"अंधार पडल्यावर. तीन दिवस लिंकनला होता, त्या ट्रस्टच्या वकिलाकडे. सोमवारी सही करणार होता." तिने खिडकीबाहेर बोट केलं. "जमिनीतला त्याचा हिस्सा पक्ष्यांच्या राखीव रानाला द्यायचा होता ना. गेलेनने त्यावरूनच महिनाभर थयथयाट केला. भावाभावांत बोलणं बंद."

"सही न होता मेला, तर?"

"तर सगळं गेलेनचं. बापाने दोघांच्या नावावर तसंच करून ठेवलंय. एक गेला की दुसऱ्याला. मला ही चूल आणि ही पडवी."

मार्लिसने पडवीत पाहिलं. दोरीवर एक शिकारी कोट लटकत होता. तपकिरी, उंच ताटांच्या नक्षीचा, मध्ये मध्ये काळ्या सावल्यांचे पट्टे.

"हा कोणी काढून ठेवला?"

"त्यानेच. काल रात्री मी कामाला निघाले, तेव्हा वाऱ्यावर टांगत होता. म्हणाला, उद्या मक्याच्या कडेला बसतो. गेलेनने मुद्दाम मका उभा ठेवलाय माझी शिकार नासवायला, पण मी उभ्या मक्यातही बसून दाखवतो."

"म्हणजे मका कापलाय, हे त्याला ठाऊक नव्हतं?"

"मलाही नव्हतं. रान टेकाडाच्या पलीकडे. तो गावाकडून आला अंधारात. जेवला, झोपला."

"फोन?"

"शेरीफने तपासला. शेवटचा मला केलेला, लिंकनहून." डोरीन ओठ चावून थांबली. "का गं?"

"तो सापडला तेव्हा त्याच्या अंगात हा कोट नव्हता. धसकटांचा होता."

डोरीनने मान वर केली. "तो कुठून आणला त्याने? तो तर गेलेनच्या शेडमध्ये असतो. पत्र्याच्या पेटीत. दोघा भावांचे दोन. सासऱ्यांची रीत होती, ज्या रानात बसायचं त्याच रानाच्या भुशात कपडे पुरून ठेवायचे, म्हणजे माणसाचा वास मरतो. दोन वर्षांपूर्वी ज्वारी निघाल्यावर शेवटचे घातले होते. त्यानंतर पेटी कुणी उघडली असेल असं वाटत नाही."

मार्लिस उठली. जाताना तिने कोलाचीच्या ताटावरचं फडकं काढलं आणि एक डोरीनच्या हातात ठेवली. "खा. माझ्यावर चिडायला तू धडधाकट हवी आहेस."

गेलेन साडलेक आपल्या अंगणात हार्वेस्टरच्या चाकाशी ग्रीस भरत होता. साखळीला बांधलेलं कुत्रं मार्लिसला पाहून बेभान भुंकायला लागलं. गेलेनने त्याला गप्प केलं नाही.

"सांत्वनाला आली असशील तर तिकडे डोरीनकडे जा," तो म्हणाला. "इथे सुतक नाही."

"भाऊ होता तुझा."

"कागदावर."

"सकाळी कुठे बसला होतास?"

"ओढ्याच्या झाडीत."

"अंगात काय होतं?"

गेलेनने ग्रीसचा हात फडक्याला पुसला. या प्रश्नाला उत्तर न देणारा शिकारी या भागात जन्माला यायचा होता. "सालीच्या नक्षीचा कोट. वरून नारिंगी, तुझ्या समाधानाला. झाडीत साल चालते, उघड्यावर नाही. उघड्या रानात सावली नसते, तिथे काळा ठिपका दिसला की हरीण अर्ध्या मैलावरून शेपटी वर करून पळतं. तिथे फिकं लागतं, पिवळं, मोकळी नक्षी. आणि कपडे सोड, हलायचं नाही. हे त्या मांसवाल्याला कुणी सांगायचं?"

"मका कधी कापलास?"

"काल संध्याकाळी. एकट्यानेच, दिवे लावून."

"हंगामाच्या आदल्या संध्याकाळी? व्हर्लिन तर म्हणत होता, तू मुद्दाम उभा ठेवणार."

"तो काय म्हणत होता ते त्याच्या थडग्यावर लिही. मका वाळला, मी कापला."

"त्याला सांगितलंस?"

"मी?" गेलेन थुंकला. "महिनाभर त्याच्याशी एक अक्षर बोललो नाही. विचार गावात."

"त्याची काही हत्यारं असतील तुझ्या शेडमध्ये. ती न्यायला येत असेल अधूनमधून."

"येऊन तर बघायचं होतं! ज्या दिवशी लिंकनच्या वकिलाचं नाव काढलं, त्या दिवशी कुलूप बदललं मी. किल्ली एकच, ही, माझ्या गळ्यात. आणि हे कुत्रं त्यालाही ओळख देत नव्हतं. व्हर्लिनने या उंबऱ्यात पाऊल टाकलं नाही महिन्यात, लिहून घे हवं तर."

"लक्षात ठेवते," मार्लिस म्हणाली.

कुत्रं ती गाडीत बसेपर्यंत भुंकत राहिलं.

शेरीफच्या कचेरीत बाकावर रुबेनची बायको आल्मा बसली होती. पाठ ताठ, मांडीवर पिशवी. समोरून जाणारा प्रत्येक जण तिच्याकडे बघून नजर वळवत होता, आणि ती एकाचीही नजर सोडत नव्हती.

"तुम्हीच घातल्या ना बेड्या?" तिने मार्लिसला विचारलं.

"हो."

"मग ऐका. त्याचा नेम मला ठाऊक आहे. दारासमोर डबा ठेवून महिनाभर सराव केला. डबा अजून नवाकोरा आहे." तिचा आवाज चढला. "तो म्हणतो, मी मारलं. मी म्हणते, नाही. तर आत माझ्यावरच ओरडला, तुला काय कळतं म्हणून! जेवत नाही. झोपणारही नाही. दुकानात मला पाव दिला नाही आज सकाळी. पण त्यांचं सोडा. तो स्वतःच मानतोय."

मार्लिस आत गेली.

रॉयच्या टेबलावर रुबेनचा कबुलीजबाब पडला होता, सही करून. "सोमवारी न्यायाधीशापुढे," रॉय म्हणाला. "माणूस स्वतः सांगतोय, आणि तू त्याच्यापेक्षा जास्त जाणतेस?"

"गेलेनच्या शेडमधली पेटी उघडायची आहे मला. तू बरोबर ये. डोरीनलाही आण, पेटीत तिच्या नवऱ्याचे कपडे आहेत, ते मागायला तिला कुणाची परवानगी लागत नाही."

"आणि पेटीत काही निघालं नाही, तर?"

"तर पुढच्या निवडणुकीत तुझ्या नावाची पाटी मी माझ्या अंगणात लावीन."

रॉयने टोपी उचलली. एवढा मोह त्याला आवरेना.

गेलेनने शेडचं कुलूप काढलं ते शिव्या देतच. आत हार्वेस्टर उभा करून ठेवलेला, भिंतीला पत्र्याची लांबट पेटी.

"घे, घेऊन जा त्याचे चिंधोटे," तो डोरीनला म्हणाला.

मार्लिसने झाकण उचललं. पेटीभर लालसर भुसा. त्यात एक कोट, एक विजार, नीट घडी घालून पुरलेली. शेजारी तेवढ्याच आकाराचा खळगा, रिकामा. भुशाच्या वरच्या थराला धूळ होती, खळग्यात नव्हती.

तिने रुमाल सोडला आणि चिमूट पेटीतल्या भुशाशेजारी धरली. "ज्वारीचा. आज सकाळी व्हर्लिनच्या कॉलरमध्ये आणि खिशाच्या शिवणीत होता. मक्याच्या रानात मेलेला माणूस, आणि कोटात ज्वारी."

"मग नेला असेल त्याने," गेलेन म्हणाला.

"कधी? तूच सांगितलंस, कुलूप बदललंय. किल्ली एक. कुत्रं ओळख देत नाही. महिन्यात उंबऱ्यात पाऊल नाही."

रॉय भिंतीला टेकला होता, तो सरळ झाला.

"थांब," रॉय म्हणाला. "फुटकी खिडकी असेल, चोरून नेला असेल. भाऊच तो."

"कशासाठी, रॉय? काल रात्री तो उभ्या मक्याचा कोट पडवीत टांगून झोपला. त्याच्या लेखी मका उभाच होता. धसकटांचा कोट चोरायला आधी धसकटं आहेत हे ठाऊक हवं. फोन आला नाही. टेकाडापलीकडचं घरातून दिसत नाही. मका कापल्याचं जगात एकाच माणसाला माहीत होतं, ज्याने तो एकट्याने दिवे लावून कापला, त्याला."

डोरीन गेलेनकडे बघत होती.

"असं झालं," मार्लिस म्हणाली. "सोमवारी सही होणार. त्याआधी व्हर्लिन मरायला हवा होता, आणि मारणारा दुसराच कुणी सापडायला हवा होता. बांधापलीकडे रुबेन राहतो, गावाला नकोसा, नवशिका. तो पहिल्या दिवशी तिथेच बसणार हे सगळ्यांना ठाऊक. फक्त व्हर्लिन त्याच्या समोर, उघड्यावर बसायला हवा. मका उभा असता तर तो मक्यात दिसेनासा झाला असता. म्हणून मका कापला. पण कापल्यावर नवीच अडचण. व्हर्लिनकडे घरी होता तो काळ्या पट्ट्यांचा कोट. तो घालून व्हर्लिन साडलेक उघड्या धसकटांत बसेल? मेला तरी नाही. तो सरळ ओढ्याच्या झाडीत गेला असता. म्हणून पहाटे, डोरीन घरी नसताना, तू त्याच्या दारात गेलास. हातात पेटीतला कोट. काय म्हणालास त्याला?"

गेलेनने गळ्यातली किल्ली मुठीत धरली.

"मी सांगते. मका कापलाय, म्हणालास. झालं गेलं सोडून देऊ, म्हणालास. बाबांच्या वेळेसारखं बसू. नाहीतर त्याने तो कोट तुझ्या हातून घेतलाच नसता. त्याने घातला, आणि वर नारिंगी जाकीट घातलं, टोपी घातली, कारण तो व्हर्लिन होता. तू सांगितलेल्या जागी जाऊन बसला. दहिवर पडत होतं ते त्याच्या बाह्यांवर पडलं, मांड्यांवर पडलं. छातीवरचं जाकिटाने घेतलं. उजाडताना तू टेकाडावरून बार काढलास, आणि खाली जाऊन जाकीट आणि टोपी काढून नेलीस. नारिंगी घातलेल्या माणसाला कुणी चुकून मारत नाही. न घातलेल्याला कुणीही मारू शकतं. थोड्या वेळाने रुबेनने हरणावर गोळी झाडली, हरीण गेलं, आणि तो शोधत शोधत प्रेताशी आला. तुझं काम त्याने स्वतःच पुरं केलं. अजून करतोय."

"गोष्ट चांगली आहे," गेलेन म्हणाला. "एवढा अक्कलवान असतो मी, तर कोट ठेवला असता का?"

"तेच. जाकीट काढायचं सुचलं, कोट सुचला नाही. कारण तुझ्या नजरेला तो खुपलाच नाही. धसकटांत धसकटांचा कोट. तू पिढीजात शिकारी आहेस, गेलेन. व्हर्लिनच्या अंगात चुकीचा कोट असता, तर मैलावरून तुला दिसला असता. बरोबर कोट होता, म्हणून दिसला नाही."

बाहेर कुत्रं साखळीला हिसके देत होतं.

"जाकीट कुठाय?" रॉयने विचारलं. त्याने विचारलं मार्लिसला, पण बघत गेलेनकडे होता.

"इथेच. जाळलं असतं तर हंगामाच्या पहिल्या दिवशी धूर कुठला म्हणून मीच आले असते. पुरायला जमीन गोठलेली. रस्त्यांवर आमच्या चौक्या, प्रत्येक गाडी उघडून बघतोय. बाहेर नेता आलं नाही त्याला."

गेलेनची नजर क्षणभर हार्वेस्टरच्या शिडीकडे गेली. रॉयने ती पकडली. बाकी काहीही म्हणा, इतकी वर्षं तो शेरीफ फुकट नव्हता. तो वर चढला, केबिनमधली सीट उचकटली आणि काही वेळ तसाच वाकून राहिला. खाली आला तेव्हा त्याच्या हातात नारिंगी कापड होतं, बोळा झालेलं, समोरच्या बाजूने रक्ताने काळं पडलेलं.

डोरीनने ते ओळखलं. खांद्यावरचं ठिगळ तिनेच लावलेलं होतं. ती पुढे झाली आणि तिने गेलेनच्या मुस्काटात मारली, एकदाच, सगळा जोर लावून.

"तीस वर्षं नांगरलं मी ते रान!" गेलेन ओरडला. तिच्यावर नाही, कुणावरच नाही. "त्याने कधी ट्रॅक्टरला हात लावला नाही. आणि बदकांना देणार होता! बदकांना!"

"आज पहाटे दारात उभा राहून त्याला काय म्हणालास ते सांग," डोरीन म्हणाली.

गेलेनने गाल चोळला. "बाबांच्या वेळेसारखं बसू, म्हणालो," तो म्हणाला. "तर रडायला लागला. मूर्ख म्हातारा."

रॉयने त्याला बेड्या घातल्या. या वेळी त्याने गाडीचं दार हळू लावलं.

रुबेनला सोडताना त्याची माफी कुणी मागितली नाही. रॉयने कबुलीजबाब फाडला आणि बंदूक परत दिली, एवढंच. रुबेन बंदुकीला हात लावेना.

"गोळी तुझी लागली नव्हती," मार्लिसने तिसऱ्यांदा सांगितलं. "तो त्याआधीच मेला होता. दुसऱ्याने मारला."

"तुम्ही चांगल्या आहात म्हणून सांगताय."

"मी चांगली नाही. कुणालाही विचार."

तो काही केल्या मानेना. आल्माला कुणीतरी घरी पाठवलं होतं, म्हणून मार्लिसने त्याला आपल्या गाडीत घातलं. रस्ताभर तो आपल्या तळहातांकडे बघत होता. चाकांवरच्या घरासमोर गाडी थांबली, तेव्हा तो म्हणाला, "बाई, तिच्यासमोर सांगा. मी ओरडलो तिच्यावर. ती म्हणत होती मी नाही मारलं, आणि मी तिला वेडी ठरवलं. तिच्यासमोर सांगा, म्हणजे मग मलाही..."

आल्माने दार उघडलं. आधी तिने नवऱ्याला नखशिखान्त पाहिलं, मग मार्लिसला.

मार्लिसने टोपी काढली आणि सगळं सांगितलं. कोट, भुसा, जाकीट, भाऊ. रुबेन बायकोच्या चेहऱ्याकडे बघत ऐकत होता, अन् तिच्या चेहऱ्यावर आश्चर्य म्हणून उमटलं नाही. ते बघता बघता त्याचे खांदे खाली आले. तो पायरीवरच बसला आणि मोठ्याने रडायला लागला. आल्माने त्याच्या पाठीत एक गुद्दा घातला, मग त्याचं डोकं आपल्या पोटाशी धरलं.

"डबासुद्धा लागत नाही याला," ती त्याच्या डोक्यावरून मार्लिसला म्हणाली. "सकाळीच बघायचा होता ना तो डबा."

"हो," मार्लिस म्हणाली. "चुकलं माझं."

"सांगून झालं?"

"झालं."

"मग निघा."

तिने नवऱ्याला उठवून आत घेतलं आणि मार्लिसच्या तोंडावर दार लावून घेतलं. मार्लिसला राग आला नाही. त्या दाराआड तो आता जेवेल, एवढंच तिला हवं होतं. तिने टोपी डोक्यावर ठेवली आणि गाडी वळवली.